रोज वाचते, रोज प्रार्थना करते, तरी देव लांबच वाटतो. काय करू?

सिडकोची_सून

सर्वांना जय ख्रिस्त.

मी नाशिकला सिडकोत राहते. नोकरी अंबडच्या एका कंपनीत, हिशेबाच्या खात्यात. माहेर संगमनेरचं. माहेरी रोज रात्री जेवणाआधी वडील बायबल उघडायचे आणि आम्ही भावंडं आळीपाळीने एकेक वचन वाचायचो, मग आई प्रार्थना करायची. तेव्हा देव जवळ आहे का लांब, हा प्रश्नच पडला नव्हता.

यंदा जानेवारीत आमच्या मंडळीत वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा तक्ता वाटला. ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन, कधी चार. उत्पत्ती आणि निर्गम आवडीने वाचलं. लेवीय सुरू झालं आणि गाडी अडली. कोणत्या बळीची चरबी कुठे जाळायची, अंगावरच्या चट्ट्याला याजकाने किती दिवसांनी पुन्हा बघायचं, असं पानामागून पान. डोळे ओळींवरून फिरतात, पण काय वाचलं ते पान संपल्यावर सांगता येत नाही. पहाटे नळाला पाणी येतं, मिस्टर रात्रपाळीहून यायचे असतात, डबे करायचे असतात, आणि त्रिमूर्ती चौकातून कंपनीची बस पकडायची असते. त्यात हे तीन अध्याय उरकायचे. आता तक्त्यात रिकाम्या चौकटी वाढत चालल्यात, आणि बायबल हातात घेतलं की आधी त्याच दिसतात.

प्रार्थनेची वेगळी वही आहे. त्यात नावांची यादी. पहिलं नाव आईचं. दिवाळीनंतर तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. तिला मी माझ्याकडे आणलं आहे. "प्रभू, आईला बरं कर" हे वाक्य मी रोज म्हणते. पण खरं सांगू का, ते म्हणताना आतून राग येतो. मग तो राग गिळून पुढचं नाव घेते. आमेन म्हणून उठते तेव्हा भिंतीशी बोलून आल्यासारखं वाटतं.

सध्या ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, म्हणून मनावर घेऊन विचारते. देवाजवळ जायचं म्हणजे रोज नक्की काय करायचं? तक्ता रेटून पूर्ण करू का सोडून देऊ? आणि राग मनात असताना केलेली प्रार्थना देवाला चालते का? मोठ्या माणसांनी आणि ज्यांचा रोजचा नेम आहे त्यांनी सांगावं.

जपमाळ_नाशिकरोड

ताई, मी कॅथलिक आहे, त्यामुळे आमची पद्धत सांगतो. पटली तर घ्या.

आमच्याकडे रोजची वाचनं चर्चने ठरवून दिलेली असतात. रविवारची तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, आठवड्यातल्या दिवसांची दोन वर्षांच्या. एक छोटा उतारा, एक स्तोत्र आणि शुभवर्तमानातला एक भाग. मोठ्याने वाचलं तरी फार वेळ लागत नाही. काय वाचायचं आणि किती, हे आपल्याला ठरवावं लागत नाही. एखादा दिवस चुकला तर तो चुकला. दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी जिथे आहे तिथून आपण वाचायचं, मागचं फेडायचं नाही. मला यातलं सगळ्यात बरं हे वाटतं की मी इथे जेल रोडला जो उतारा वाचतो तोच त्या दिवशी वसईत आणि रोममध्येही वाचला जातो.

बाल येशूच्या मंदिरात फेब्रुवारीच्या यात्रेची गर्दी आता ओसरली आहे. नाशिकरोडला आलात तर तिथे नुसत्या बसा थोडा वेळ. आईंसाठी आजच्या जपमाळेत एक दशक, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, म्हणतो.

शरणपूरची_सिस्टर

बाळ, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलं आहे. राग मनात असताना केलेली प्रार्थना देवाला चालते. बायबलच सांगतं. स्तोत्रसंहिता उघड आणि १३वं स्तोत्र काढ. सहाच वचनं आहेत. दावीद देवाला विचारतो, कोठवर? मला कायमचा विसरणार आहेस का? कोठवर तोंड लपवशील? हे त्याने कुणा मित्राजवळ केलेलं गाऱ्हाणं नाही. थेट देवाला विचारलं आहे, आणि इस्राएलच्या मंडळीने ते जपून ठेवलं, उपासनेत गायलं. ८८वं स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहतं, त्याला गोड शेवटही नाही. तेही पवित्र शास्त्रात आहे. १५० स्तोत्रांत अशी विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत. देवासमोर नीटनेटकं होऊनच यावं अशी अट असती तर ती कधीच गाळली गेली असती.

आता रोज काय करायचं ते सांगते. मी एकच गोष्ट सांगणार आहे. तू वाचन एका बाजूला ठेवलं आहेस आणि प्रार्थना दुसऱ्या बाजूला. तक्ता वेगळा, वही वेगळी. आधी वाचन उरकायचं, पुस्तक मिटायचं, आणि मग डोळे मिटून दुसऱ्याच विषयावर बोलायचं. तुझ्याशी कुणी बोललं आणि तू त्याचं ऐकून घेऊन भलतंच काही बोलू लागलीस, तर ते संभाषण कसं व्हायचं? जे वाचशील त्यालाच उत्तर दे. तीच तुझी प्रार्थना.

करून दाखवते. १३वं स्तोत्रच घे. पहिलं वचन हळू आवाजात, पण कानाला ऐकू येईल असं वाच. "कोठवर?" इथे थांब. आता तुझं तू बोल. "प्रभू, दिवाळी गेली, नाताळ गेला, उपवासकाळ आला. आईचा उजवा हात अजून उचलत नाही. मी तिला भरवते तेव्हा ती माझ्याकडे बघते आणि तिला काय म्हणायचंय ते मला कळत नाही. कोठवर?" मग पुढचं वचन. "माझ्याकडे पाहा, मला उत्तर दे" असं तो म्हणतो. तूही म्हण. पाचव्या वचनात दावीद म्हणतो की मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे. ते त्या दिवशी तुझ्या तोंडून निघत नसेल तर निघत नाही असं सांग. "दाविदाला हे म्हणता आलं, मला आज येत नाही. तू मला तिथवर ने." झाली प्रार्थना. तुझ्या वहीतलं "आईला बरं कर" हेच त्यात आहे, पण आता ते तुझं स्वतःचं झालं.

मी चाळीस वर्षं नर्सची नोकरी केली. रात्रपाळीत वॉर्डची फेरी मारताना प्रत्येक खाटेपाशी त्या माणसाचं नाव मनात घ्यायचे आणि त्या आठवड्यात जे स्तोत्र वाचत असेन त्यातली एखादी ओळ त्याच्यासाठी म्हणायचे. दम्याने बसून रात्र काढणाऱ्यासाठी १३०वं, पहारेकरी पहाटेची वाट बघतात ते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाबरलेल्या पोरीसाठी १२१वं. तो हिंदू असो, मुसलमान असो, कुणीही असो. त्यामुळे यादी टाकून दे असं मी म्हणणार नाही. फक्त एका बैठकीत सगळी यादी संपवायची सक्ती करू नकोस. आज एक नाव, आजच्या वचनातून. उद्या दुसरं.

वेळेबद्दल. पहाटे उठायचाच नेम असावा असं कुणी सांगेल, आणि प्रभू स्वतः पहाटे अंधारात उठून एकांती गेला हे मार्काच्या शुभवर्तमानात आहेच. पण स्तोत्रकर्ता रात्रीच्या प्रहरीही जागतो, अंथरुणावरही देवाचं स्मरण करतो. तुझ्या घरात पहाटे नळ, डबे आणि रात्रपाळीहून येणारा माणूस आहे. तेव्हा पहाटेला एकच वचन घे, कागदावर लिहून पर्समध्ये टाक आणि बसमध्ये तेच घोळव. संध्याकाळी आईचं सगळं झालं की पुस्तक उघड. बसमध्ये तेही जमलं नाही तर यरीहोच्या रस्त्यावरच्या आंधळ्या बार्तीमयाची प्रार्थना आहे, "येशू, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर." लोक त्याला गप्प बस म्हणत होते, तर तो आणखीच मोठ्याने ओरडू लागला.

आता आईविषयी. हे मी नर्स म्हणूनही सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शरीराची उजवी बाजू जाते आणि पुष्कळदा बोलणंही जातं. पण बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नव्हे. आणि मी वॉर्डात पाहिलेली गोष्ट आहे, डॉक्टरही हेच सांगतील: ज्या माणसाला "पाणी दे" म्हणता येत नाही, त्याच्या तोंडून लहानपणी पाठ केलेली प्रार्थना किंवा गाणं कधी कधी निघतं. सगळ्यांचं होतं असं नाही. पण तुझ्या आईने इतकी वर्षं रोज रात्री प्रार्थना केली आहे ना? मग तू एकटी कोपऱ्यात बसून वाचू नकोस. तिच्या खाटेशी बस. स्तोत्र तिला ऐकू दे. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हण, हळू, प्रत्येक ओळीनंतर थांबत. तिच्याच्याने नाही म्हणवलं तरी ती तुझ्याबरोबर प्रार्थना करते आहे असंच धर. बायबलमधल्या हन्नाचे प्रार्थनेत नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली याजकाला ती प्यायलेली वाटली, देवाला तिचं सगळं कळलं.

शिकलेल्या, पाठ असलेल्या शब्दांबद्दल हल्ली काही लोक नाक मुरडतात, मनापासूनचे शब्द हवेत म्हणतात. मी शरणपूरची आहे म्हणून एक आठवण सांगते. आमची ही वस्ती चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवली. गुलामांच्या व्यापारातून सोडवलेली आफ्रिकन मुलं पुढे इथे राहिली, शिकली. त्यातला एक जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला गेलेल्या तुकडीत तो होता. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले. बरोबरच्या माणसांनी त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं आणि देह कित्येक महिने चालून समुद्रापर्यंत आणला. हृदय पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. त्या रानात पाळक नव्हता, चर्च नव्हतं. नाशिकला शिकलेल्या या मुलाजवळ प्रार्थनेचं पुस्तक होतं आणि ते वाचायची सवय होती. दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत तेव्हा दुसऱ्या कुणी आधी केलेली प्रार्थना उसनी घ्यायला काहीच हरकत नाही. प्रभूने वधस्तंभावर तेच केलं, २२व्या स्तोत्राचे शब्द घेतले.

आणि गा. आवाज कसाही असो. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं तुमच्या उपासना संगीताच्या पुस्तकात असतीलच. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक इथल्याच, गोदाकाठच्या जलालपूरच्या. टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत लिहायला घेतलं, ते अर्धवट राहिलं, आणि टिळक गेल्यावर लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं. शाळेत न गेलेल्या बाईने. आपल्याकडे शास्त्र गळ्यातून आत जातं. आईला तिच्या तरुणपणची भजनं ऐकव.

तक्ता सध्या बाजूला ठेव. लूकचं शुभवर्तमान वाच, २४ अध्याय आहेत, जितकं झेपेल तितकं. लेवीय कुठे पळून जात नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव

तोडणी चालू आहे म्हणून उशिरा लिहितोय. सिस्टर, तुमचं सगळं मान्य, पण लेवीयाबद्दल थोडा वेगळा बोलतो, राग मानू नका.

ताई, लेवीय अगदी सोडू नका. तुम्ही बहुतेक ११ ते १५ अध्यायांच्या आसपास अडकला असाल, शुद्ध-अशुद्ध, चट्टे, महारोग. तिथे सगळेच अडकतात. तेवढं भरभर चाळा आणि १९व्या अध्यायाला या. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, हे प्रभूने सांगितलं म्हणून आपल्याला पाठ असतं. ते आलंय लेवीय १९:१८ मधून. आणि त्याच्या थोडं वर, दहाव्या वचनात द्राक्षमळ्याची गोष्ट आहे. मळा झाडून पुसून घेऊ नको, खाली पडलेली द्राक्षं वेचू नको, ती गरिबाला आणि परक्याला राहू दे, मी परमेश्वर तुमचा देव आहे.

हे वचन मी तोडणीच्या दिवसांत वाचलं. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याकडची माणसं कामाला येतात, बायका-पोरांसकट शेतावर राहतात. व्यापारी एकसारखे घड नेतो, मागे वेलीवर आणि खाली पुष्कळ माल राहतो. त्याचं पूर्वी आम्ही बेदाण्याला किंवा कमी भावात काय होईल ते बघायचो. त्या दिवशी वचन वाचून झाल्यावर प्रार्थनेत दुसरं काही बोलताच येईना. देवाने मळ्याचं नाव घेऊन सांगितल्यावर मी काय बोलणार? आता शेवटच्या ओळी आम्ही राखतो, कामावरची माणसं नेतात, पोरं खातात. सिस्टर म्हणतात ना, वाचलेल्याला उत्तर दे, तर कधी कधी उत्तर तोंडाने द्यायचं नसतं, उठून काहीतरी करायचं असतं. माझा देवाशी सगळ्यात जवळचा संबंध त्या एका वचनाने आला, आणि ते लेवीयात होतं.

दुसरं, तुम्ही म्हणालात भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं. योहान १५ वाचा. मी खरा द्राक्षवेल आहे आणि माझा पिता माळी आहे. आम्ही वर्षात दोन छाटण्या करतो. एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा वेल पार बोडका होतो. मग ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. आज जो घड मी क्रेटमध्ये भरतोय तो ऑक्टोबरनंतर दिसू लागला खरा, पण तो तयार झाला मागच्या उन्हाळ्यात, काडीवरच्या डोळ्याच्या, म्हणजे कोंबाच्या, आत. बाहेरून नुसती पानं दिसतात. आम्ही छाटणीच्या आधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन डोळे तपासून घेतो, कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, तेव्हा कळतं आत घड आहे का नाही. उघड्या डोळ्याला काही कळत नाही. पण त्या महिन्यांत पाणी-खत चुकवलं तर ऑक्टोबरात कितीही पैसे ओता, घड येत नाही. तुमचे हे महिने तसे असतील. प्रभूही त्या अध्यायात फळ दाखव असं आधी म्हणत नाही, माझ्यात राहा असं म्हणतो, आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणतो.

एक सुचवतो. एकट्याने वाचू नका. आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच आहेत. आठवड्यातून एकदा रात्री कुणाच्या तरी ओट्यावर जमतो. एकाने अध्याय वाचायचा, मग प्रत्येकाने सांगायचं, आपल्याला कोणतं वचन लागलं आणि का. कुणी उपदेश करायचा नाही एवढाच नियम. ज्याला वाचता येत नाही तो ऐकून सांगतो, आणि पुष्कळदा तोच सगळ्यात बरोबर सांगतो. सिडकोत तुमच्या मंडळीतली चार घरं तरी असतील.

निवृत्तीनाथांचा_वारकरी

ताई, मी तुमच्या धर्माचा नाही, त्र्यंबकचा वारकरी आहे. आम्ही पौषात निवृत्तीनाथांच्या यात्रेला येणाऱ्या दिंड्यांची सेवा करतो. प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

आमच्यातही ज्ञानेश्वरीची पारायणं होतात, अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या. सात दिवसांत संपवायची तर गती ठेवावीच लागते, आणि सप्ताहाचा आनंद वेगळा असतो, मी त्याला कमी लेखत नाही. पण नामदेवराय सांगून गेले ते असं: नामा म्हणे ग्रंथ श्रेष्ठ ज्ञानदेवी, एक तरी ओवी अनुभवावी. माझे वडील शेतावरून आल्यावर रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणत. ज्ञानेश्वरी मात्र एकेका ओवीने वाचत. एक ओवी कधी आठ-पंधरा दिवस चालायची. बैलांना वैरण टाकतानाही तीच ओठांवर. त्यांना अठरावा अध्याय गाठायची घाई नव्हती.

रागाचं म्हणाल तर तुकोबांनी विठ्ठलाला काय काय सुनावलं नाही? ज्याच्यावर आपला हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस भांडतो. तुमच्या टिळकांनीही तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आल्याचं म्हटलं होतं ना, ते मला फार जवळचं वाटतं.

माउली तुमच्या मातोश्रींना बळ देवो.

सिडकोची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचेही, त्र्यंबकहून लिहिलंत. दादा, १९वा अध्याय वाचला. तेवढा एक अध्याय दोन दिवस वाचते आहे, तक्त्याकडे न बघता. परक्याला तुमच्यातल्यासारखाच समजा, कारण तुम्हीही मिसर देशात परके होता, हे ३४वं वचन मला थांबवून गेलं. आमच्या मजल्यावर बिहारकडचं एक कुटुंब राहायला आलंय. त्यांच्या बाईला मराठी येत नाही म्हणून कुणी बोलत नाही. मी काल पहिल्यांदा दार वाजवलं. तिचं नाव माझ्या वहीत आईच्या खाली आलंय.

सिस्टरमावशी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी आईच्या खाटेशी बसून १३वं स्तोत्र वाचलं. "कोठवर" म्हटल्यावर मला पुढे वाचता येईना. इतक्या महिन्यांचं सगळं बाहेर आलं, देवाला जे बोलायचं राहिलं होतं ते बोलले. आई डाव्या हाताने माझं डोकं थोपटत होती. मग आम्ही प्रभूची प्रार्थना म्हटली. पहिल्या दिवशी ती नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशीही तसंच. काल रात्री "आमची रोजची भाकर" म्हणून मी थांबले तर तिने "आज आम्हाला दे" म्हटलं. अडखळत, पण शब्द स्पष्ट होते. मिस्टर कामाला निघाले होते ते दारातून परत आले. नंतर तिला "चहा" म्हणून बघ म्हटलं तर नाही जमलं. रडली थोडी. पण प्रार्थनेत तेवढी ओळ आजही निघाली.

मला आता दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिला असं रोज म्हणायला लावलं तर त्रास तर होणार नाही ना? आणि १३वं झाल्यावर पुढे कोणतं स्तोत्र घेऊ? तिला २३वं तोंडपाठ होतं.

शरणपूरची_सिस्टर

देवाची स्तुती असो. वाचून मीही रडले बाळ.

त्रास होणार नाही, पण तिची परीक्षा घेऊ नकोस. ओळ अर्धी सोडून थांब, चार-पाच श्वास वाट बघ, निघाली तर निघाली, नाहीतर तूच पूर्ण कर आणि पुढे जा. चुकीचा शब्द आला तर दुरुस्त करू नकोस. टीव्ही बंद ठेव, तिच्या समोर बस म्हणजे तुझे ओठ तिला दिसतील. आणि ही गोष्ट तुमच्या डॉक्टरांना नक्की सांग, वाचा-उपचार करणाऱ्यांकडे चिठ्ठी माग. पाठ असलेल्या ओळी आणि गाणी धरून ते पुढचं शिकवतात. प्रार्थना चालू ठेवायची म्हणून उपचार थांबवायचे नाहीत, दोन्ही देवाचंच काम आहे.

२३वं घे. त्याची सहाच वचनं आहेत. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" तू म्हण आणि थांब. ती ज्या भाषांतरातून शिकली असेल तीच जुनी प्रत संगमनेरहून मागवून घे. शब्द जरासे वेगळे असले तरी तिची गाडी अडेल. त्यानंतर १२१वं, आठ वचनांचं. तुझ्यासाठी मात्र १३वं इतक्यात सोडू नकोस, पाचव्या वचनापर्यंत पोचेपर्यंत त्यातच राहा. लूक चालू ठेव.

रविवारी दुपारी मी मोकळी असते. आईला चालणार असेल तर मी सिडकोत येऊन जाईन, तिच्याबरोबर दोन जुनी भजनं म्हणू. खाजगी निरोपात पत्ता पाठव.